हात सोडणारी आई

एक मूल आणि त्याच्यावर हक्क सांगणाऱ्या दोन स्त्रिया, हा पेंच जगाच्या वाङ्मयांत फार जुना आहे. चीन देशांत युआन राजवटीच्या काळीं, म्हणजे इसवी सनाच्या तेराव्या-चौदाव्या शतकांत, ली शिंग-दाओ या नाटककारानें या पेंचावर एक नाटक लिहिलें. एका श्रीमंत गृहस्थाची थोरली बायको नवऱ्याला विष घालते, खुनाचा आळ धाकटीवर ढकलते, आणि इस्टेट हातीं यावी म्हणून धाकटीच्या पोटचा मुलगाहि आपलाच म्हणून सांगते. खटला न्यायाधीश पाओ यांच्यापुढें येतो. ते जमिनीवर चुन्यानें एक वर्तुळ काढवितात, मुलाला मध्यें उभें करवितात आणि दोघींना आज्ञा करतात कीं, जी ओढून मुलाला बाहेर काढील ती त्याची आई. थोरली जोरानें ओढते. धाकटी दोनदां हात सोडून देते. ओढाताणींत लेकराचा कोवळा हात मोडेल, हें तिला सोसत नाहीं. न्यायाधीश ओळखतात कीं, जिनें हात सोडला तीच खरी आई.

या नाटकाचें १८३२ सालीं फ्रेंच भाषेंत भाषांतर झालें. पुढें दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मन नाटककार बेर्टोल्ट ब्रेश्ट यांनीं तीच कल्पना घेऊन कॉकेशस प्रांतांत घडणारें एक नाटक रचलें. त्यांत निकाल उलटा आहे. तेथें जन्मदात्री मुलाला ओढते, आणि ज्या मोलकरणीनें त्याला जिवापाड जपून वाढविलें ती हात सोडते. म्हणून मूल मोलकरणीच्या पदरीं पडतें. चिं. त्र्यं. खानोलकर यांनीं याच नाटकाला 'अजब न्याय वर्तुळाचा' हा मराठी अवतार दिला व विजया मेहता यांनीं तो रंगभूमीवर आणला. अशा रीतीनें चीनमधलें हें वर्तुळ युरोपांतून फिरून मराठी प्रेक्षकांच्याहि परिचयाचें झालें.

गेल्या शंभराहून अधिक वर्षांत चिनी स्त्रियांविषयीं ज्या कथा-कादंबऱ्या लिहिल्या गेल्या, त्यांतील कित्येकांत हेंच वर्तुळ पुन्हां आखलेलें दिसतें. मात्र आतां त्याच्या एका बाजूला चीन असतो व दुसऱ्या बाजूला अमेरिका. आणि न्यायासनावर पाओ यांच्या जागीं बंदरावरचा अंमलदार, अनाथाश्रमाचें दफ्तर किंवा शहरांतलें कोर्ट असतें. जुन्या न्यायाधीशानें हात सोडण्यांत माया पाहिली. नव्या काळाच्या दफ्तरानें त्याच कृतीला 'मूल टाकलें' असें नांव दिलें. एकाच कृतीचे असे दोन अर्थ कां झाले, याचा उलगडा या कथांवरून चांगला होतो.

प्रथम अमेरिकेच्या दाराशीं काय घडत होतें तें पाहिलें पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कॅलिफोर्नियांत सोनें सांपडलें. पुढें लोहमार्गाचीं कामें निघालीं. आणि दक्षिण चीनमधील हजारों मजूर तिकडे गेले. ते बहुतेक एकटे पुरुष होते. त्यांच्या बायका मागें गांवीं राहिल्या. १८७५ सालच्या पेज कायद्यानें, चिनी स्त्रिया अनीतीच्या धंद्यासाठीं आणल्या जातात असा संशय धरून, त्यांचें येणें जवळजवळ बंद पाडलें. १८८२ च्या कायद्यानें चिनी मजुरांनाच मज्जाव केला. व्यापारी, विद्यार्थी, शिक्षक अशा थोड्या वर्गांना सवलत होती व व्यापाऱ्याच्या बायकामुलांना येतां येई. परंतु प्रत्येकाजवळ आपण कोण याचा लेखी दाखला असावा लागे. १९१० पासून १९४० पर्यंत सॅन फ्रान्सिस्कोच्या आखातांतील एंजल बेटावर या मंडळींना अडकवून ठेवीत आणि घराला पायऱ्या किती, तांदुळाचें पिंप कोणत्या कोपऱ्यांत आहे, असले प्रश्न विचारून त्यांचीं नातीं तपाशीत.

कागदाच्या या राज्यांत एक विलक्षण गोष्ट घडली. १९०६ च्या भूकंपांत व आगींत सॅन फ्रान्सिस्कोचें सरकारी दफ्तर जळून गेलें. तेव्हां अनेक चिनी पुरुषांनीं आपला जन्म अमेरिकेंतच झाला असें सांगितलें, आणि चीनमधील परक्या मुलांना आपले पुत्र म्हणून कागदोपत्रीं लावून घेतलें. यांना 'कागदी पुत्र' म्हणत. म्हणजे ज्याचा रक्ताशीं संबंध नाहीं तो कागदामुळें पुत्र ठरे. उलट पोटचें मूलहि कागदावांचून परकें ठरूं शके.

ही दुसरी अवस्था सुइ सिन फार या लेखिकेनें रंगविली. तिचें खरें नांव एडिथ मॉड ईटन. जन्म १८६५ सालीं इंग्लंडमध्यें. वडील इंग्रज, आई चिनी. बालपण कॅनडांतील माँट्रियल शहरीं गेलें. रूपावरून ती युरोपियन म्हणून सहज खपली असती. पण तिनें चिनी टोपणनांव घेतलें आणि चिनी माणसांच्या कथा इंग्रजींत लिहिल्या. १९०९ सालीं प्रसिद्ध झालेली व पुढें १९१२ च्या संग्रहांत आलेली तिची 'इन दि लँड ऑफ दि फ्री' ही कथा अगदीं लहान आहे. ले चू नांवाची व्यापाऱ्याची बायको चीनमध्यें बाळंत होऊन, मुलाला घेऊन बोटीनें सॅन फ्रान्सिस्कोला परत येते. नवरा धक्क्यावर वाट पाहत उभा असतो. तिचे स्वतःचे कागद ठीक असतात, पण दोन वर्षांच्या मुलाचा दाखला नसतो. अंमलदार मूल ठेवून घेतात. आईबापांना वाटतें कीं, रात्र उजाडली कीं मूल हातीं येईल. त्या एका रात्रीचे दहा महिने होतात. मधल्या काळांत एक वकील वॉशिंग्टनला जाऊन खटपट करण्यासाठीं पांचशे डॉलर मागतो, आणि ले चू अंगावरचे दागिने काढून त्याच्यापुढें ठेवते. शेवटीं सरकारी कागद येतो. ती मिशनच्या आश्रमांत धांव घेते. तेथें मुलाला नवे कपडे आणि नवें नांव मिळालेलें असतें. आई हात पसरते, आणि मूल तिला 'जा' म्हणून मिशनच्या बाईच्या घोळांत तोंड लपवितें.

या कथेंत कोणी दुष्ट नाहीं. अंमलदार कायदा पाळतात, मिशनच्या बायका मुलाला मायेनें सांभाळतात. तरी आईपण हिरावलें जातें. ले चूनें हात सोडलेला नव्हता. तो सोडविण्यांत आला होता. मायलेकरांमधला दुवा तोडावयास समुद्राची गरज नसून दहा महिन्यांची टपालदिरंगाई पुरते, ही गोष्ट ईटनबाईंनीं कसलाहि आवाज न चढवितां सांगितली. १९१४ सालीं त्या वारल्या. माँट्रियल येथील त्यांच्या समाधीवर तेथील चिनी रहिवाशांनीं कृतज्ञतेनें शिला उभारली.

ही अमेरिकेच्या दाराची बाजू झाली. चीनमधल्या घराची बाजू मोठ्या वाचकवर्गापुढें ठेवली ती पर्ल बक यांनीं. मिशनरी आईबापांबरोबर त्यांचें बालपण चीनमध्यें गेलें. १९३१ सालच्या त्यांच्या 'दि गुड अर्थ' या कादंबरीची नायिका ओलान हिला दुष्काळांत तिच्याच आईबापांनीं श्रीमंताच्या वाड्यांत बटीक म्हणून विकलेलें असतें. पुढें ती शेतकऱ्याची बायको होते, शेतांत राबते, मुलें होतात. पुन्हां दुष्काळ पडतो, आणि त्या उपाशी दिवसांत झालेली मुलगी ती जगूं देत नाहीं. शहरांत भीक मागण्याची पाळी येते तेव्हां, गांवीं परतण्यापुरते पैसे यावेत म्हणून थोरली मुलगी विकावी, असें तीच नवऱ्याला सुचविते. बटकीचें जिणें म्हणजे काय हें तिला पुरतें ठाऊक आहे. तरी ती सुचविते. नवऱ्याला धीर होत नाहीं आणि मुलगी वांचते.

ओलान निर्दय आहे काय? कादंबरी तसें म्हणत नाहीं. 'मुलगी परक्याचें धन' ही म्हण ज्या समाजांत आहे, तेथें हा हिशेब समजावयास फार विवरण नको. जुन्या चीनमध्यें वंश, शेत आणि पितरांचें तर्पण हीं मुलाकडे जात. मुलगी वाढवून दुसऱ्या घरीं द्यावयाची असे. दत्तकाची चालहि तशीच. हिंदु धर्मशास्त्राप्रमाणें दत्तक म्हणजे पुत्र, वारस. १९५६ च्या कायद्यानें मुलगी दत्तक घेण्याचा मार्ग मोकळा होईपर्यंत सर्वसाधारण नियम हाच होता. चीनमध्येंहि निपुत्रिक माणूस बहुधा भाऊबंदांतला मुलगा घेई. मुलगी दुसऱ्या घरीं जाई ती वारस म्हणून नव्हे. सून म्हणून वाढविण्यासाठीं, नाहीं तर बटीक म्हणून.

बकबाईंचें स्वतःचें आयुष्य या विषयाशीं फार जवळून जोडलेलें आहे. त्यांची पोटची मुलगी मतिमंद होती. त्यांनीं सात मुलें दत्तक घेतलीं. १९३८ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. चिनी लोकांस अमेरिकेंत मज्जाव करणारा कायदा रद्द व्हावा म्हणून त्यांनीं व त्यांच्या पतीनें चळवळ केली. १९४३ सालीं तो रद्द झाला खरा. परंतु येणाऱ्यांची संख्या वर्षाला अवघी १०५ ठरविण्यांत आली. १९४९ सालीं त्यांनीं 'वेलकम हाउस' ही संस्था काढली. आशियाई रक्ताचीं मुलें अमेरिकेंतील दत्तकसंस्था त्या वेळीं स्वीकारीत नसत. तीं घरोघर देण्याचें काम या संस्थेनें केलें. मूल आणि पालक एकाच वंशाचे दिसले पाहिजेत, ही समजूत मोडणाऱ्या पहिल्या संस्थांत तिची गणना होते.

दुष्काळानंतर युद्ध. १९८९ सालीं एमी टॅन यांची 'दि जॉय लक क्लब' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. सॅन फ्रान्सिस्कोंत स्थायिक झालेल्या चार चिनी आया आणि अमेरिकेंत वाढलेल्या त्यांच्या चार मुली यांच्या कथा तींत गुंफलेल्या आहेत. त्यांतील सुयुआन नांवाची आई १९४४ सालीं जपानी सैन्य येत असतां क्वेलिन शहरांतून चुंगकिंगच्या वाटेनें पायीं निघते. बरोबर दोन जुळ्या तान्ह्या मुली. ढकलगाडी मोडते, सामान टाकावें लागतें, हगवणीनें अंगांतलें त्राण जातें. आपण आतां मरणार, आणि आपल्या शेजारीं मुलीहि मरतील, अशी तिची खात्री होते. तेव्हां ती त्यांना रस्त्याच्या कडेला ठेवते, त्यांच्या कपड्यांत दागिने व पैसे घालते, आणि घरच्या माणसांच्या छायाचित्रांमागें नांवें व पत्ता लिहून तीं जवळ ठेवून चालूं लागते. कुंतीनें कर्णाला पेटींत घालून नदींत सोडलें, त्याची आठवण मराठी वाचकाला येथें झाल्यावांचून राहणार नाहीं. पण कुंतीला लोकलज्जेचें भय होतें. सुयुआनला आपल्या मरणाबरोबर मुलींचें मरण टाळावयाचें होतें. ती हात सोडते तो वर्तुळांतल्या आईप्रमाणें, मुलींचा जीव वांचावा म्हणून.

ती स्वतः मात्र मरत नाहीं. कोणी तिला उचलून नेतें. ती पुढें अमेरिकेंत जाते, पुन्हां संसार करते, आणखी एका मुलीची आई होते. जुळ्या मुलींना एका गरीब मुसलमान जोडप्यानें वांचविलेलें असतें. त्या जोडप्याला वाचतां येत नव्हतें, म्हणून छायाचित्रामागचा मजकूर त्यांना वेळेवर कळला नाहीं; आणि कळला तोंपर्यंत मुलींवर त्यांचा जीव जडला होता. सुयुआन वर्षानुवर्षें चीनमध्यें पत्रें पाठविते. अखेर मुलींचें पत्र येतें तें तिच्या मरणानंतर. अमेरिकेंत जन्मलेली धाकटी मुलगी आईच्या ऐवजीं चीनला जाते आणि शांघायच्या विमानतळावर आपल्या बहिणींना भेटते.

ही घटना केवळ कल्पनेंतून आलेली नाहीं. टॅनबाईंच्या आईनें १९४९ सालीं चीन सोडला तेव्हां पहिल्या विवाहाच्या तीन मुली मागें राहिल्या होत्या. १९८७ सालीं टॅनबाई आईबरोबर चीनला गेल्या व आपल्या त्या बहिणींना भेटल्या. आईचें गुपित समजून घेणें, हाच त्यांच्या कादंबरीचा गाभा झाला. मुलीला आपली आई कटकटी, हट्टी, परक्या चालीची वाटत असते. तिनें कोणतें ओझें टाकून कोणतें उचललें आहे हें कळल्यावर त्याच आईचें रूप बदलतें.

यापुढचा काळ अगदीं निराळा. १९७९-८० पासून चिनी सरकारनें एका जोडप्यास एकच मूल हा नियम लागू केला. १९८४ नंतर अनेक प्रांतांत, पहिली मुलगी असल्यास, शेतकरी कुटुंबास दुसऱ्या मुलाची सवलत मिळाली. अल्पसंख्य जमातींनाहि कांहीं सूट होती. परंतु म्हातारपणीं सांभाळणारा मुलगाच, ही खेड्यांतली वस्तुस्थिति कायम राहिली. कारण शेतकऱ्याला निवृत्तिवेतन नव्हतें व मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गांवीं जाई. जुना रिवाज आणि नवा नियम एकमेकांवर आदळले आणि मध्यें सांपडली ती दुसरी किंवा तिसरी मुलगी. मूल टाकणें हा गुन्हा असल्यानें तिला पहांटे बाजारांत, रुग्णालयाच्या दाराशीं, पोलिस चौकीजवळ गुपचूप ठेवीत. नांव लिहिलें तर पकडले जाण्याचें भय. म्हणून बहुतेक मुलींबरोबर कांहींच लिहिलेलें नसे. मूल घेऊं पाहणारीं चिनी कुटुंबेंहि होतीं. परंतु दत्तकासाठीं बहुधा निपुत्रिक असण्याची अट होती आणि गुपचूप घेतलेली मुलगी नियमाबाहेरचें अपत्य म्हणून गणली जाई. १९९२ च्या एप्रिलपासून नवा दत्तक कायदा अंमलांत आला आणि अनाथाश्रमांतील मुली परदेशीं जाऊं लागल्या.

या नियमानें आईवर काय ओढवलें तें मो यान यांच्या २००९ सालच्या 'बेडूक' या कादंबरींत दिसतें. चिनी भाषेंत बेडूक आणि बाळ या शब्दांचे उच्चार जवळजवळ सारखे आहेत, असा त्या नांवांतला श्लेष. निवेदकाची आत्या खेड्यांतली नामांकित सुईण. हजारों बाळें तिच्या हातांवर आलेलीं. पुढें तीच सरकारी हुकुमानें दिवस गेलेल्या बायकांचा पाठलाग करते, त्यांचे गर्भ पाडविते. म्हातारपणीं तिला झोंप येत नाहीं. तिचा नवरा मातीच्या बाहुल्या करणारा. जगांत येऊं न दिलेल्या प्रत्येक बाळाचें रूप ती त्याला सांगते आणि तो तें मातींत घडवितो. मो यान यांना २०१२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें २०१६ च्या जानेवारीपासून दोन मुलांस, व २०२१ सालीं तीन मुलांस परवानगी झाली.

परदेशीं गेलेल्या मुलींची कथा अमेरिकन लेखिका लिसा सी यांनीं २०१७ सालीं 'दि टी गर्ल ऑफ हमिंगबर्ड लेन' मध्यें लिहिली. युन्नान प्रांताच्या डोंगरांत चहा पिकविणाऱ्या आखा जमातींतील लि-यान हिला लग्नाआधीं मुलगी होते. जमातीच्या रूढीप्रमाणें असें मूल जगूं द्यावयाचें नसतें. ती बाळाला उचलून डोंगर उतरते आणि गांवच्या अनाथाश्रमाजवळ ठेवते. जवळ अक्षर नाहीं, फक्त चहाची एक दाबून केलेली वडी. ती मुलगी कॅलिफोर्नियांत सुखवस्तु, प्रेमळ घरांत वाढते. तिला एकच प्रश्न पोखरतो, आईनें मला कां टाकलें? इतरांप्रमाणें तीहि सरकारच्या नियमाला दोष देते. खरें कारण निराळेंच असतें. तिला टाकण्यासाठीं नव्हे, जगविण्यासाठीं आश्रमापर्यंत पोंचविलेलें असतें. शेवटीं चहाच्या वडीवरचें चिन्ह तिला चहाच्या त्या मळ्यापर्यंत आणतें, आणि मायलेकी भेटतात. एवढा जुळून आलेला शेवट कादंबरींतच शोभतो असें कोणी म्हणेल. परंतु 'टाकलें' या एका शब्दाखालीं किती निरनिराळीं कारणें दडपलीं जातात, हें या पुस्तकानें चांगलें दाखविलें आहे.

त्याच २०१७ सालीं दोन कादंबऱ्या निघाल्या ज्यांत मूल चीनमध्यें नव्हे, अमेरिकेंतच आईला पारखें होतें. लिसा को यांच्या 'दि लीव्हर्स' मधील पोली ही फूजियान प्रांतांतील कोळ्याची मुलगी. चोरट्या वाटेनें माणसें नेणाऱ्या दलालांचें भलें मोठें कर्ज करून ती न्यूयॉर्कला येते. तेथें मुलगा होतो. कर्ज फेडावयाचें तर दिवसभर काम केलें पाहिजे, आणि तान्हें मूल सांभाळावयास कोणी नाहीं. म्हणून ती त्याला एक वर्षाचा असतां गांवीं आपल्या बापाकडे पाठविते. फूजियानच्या अनेक कुटुंबांत अशीं बाळें आजीआजोबांकडे पाठवितात. बाप वारल्यावर मुलगा सहाव्या वर्षीं तिच्याकडे परत येतो. तो अकरा वर्षांचा असतांना ती नखें रंगविण्याच्या दुकानांत कामाला जाते ती परतच येत नाहीं. मुलाला शहराबाहेरचें एक गोरें प्राध्यापक जोडपें दत्तक घेतें. डेमिंगचा डॅनियल होतो. आई मला सोडून गेली, असें मानून तो मोठा होतो. पुष्कळ वर्षांनीं तो फूचौ शहरीं तिला शोधून काढतो तेव्हां कळतें कीं, कामाच्या जागीं धाड पडली होती, तिला टेक्सासमधील छावणींत डांबलें आणि मग चीनला परत धाडलें होतें. मुलगा अमेरिकेचा जन्मसिद्ध नागरिक. आईजवळ कागद नाहीं. १९०९ च्या कथेंत कागद मुलाजवळ नव्हता, येथें आईजवळ नाहीं, परिणाम तोच.

या कादंबरीचा एक विशेष असा कीं, मुलाची हकीकत तृतीयपुरुषीं आहे, परंतु पोलीची हकीकत तिच्याच तोंडून, मुलाला उद्देशून येते. आणि ती निर्मळ देवी नाहीं. तिला कधीं कधीं मोकळें, एकटें असावेंसें वाटतें. मूल नको असेंहि तिला एके काळीं वाटलेलें आहे. तरी ती आई आहे. आईनें सर्वस्व अर्पण केलें तरच ती खरी, ही कसोटी गरीब स्त्रीला फार सहज लावली जाते. श्रीमंत घरची आई कामासाठीं मूल दाईकडे ठेवते तेव्हां तिच्या मायेची परीक्षा कोणी घेत नाहीं.

दुसरी कादंबरी सिलेस्ट इंग यांची 'लिटल फायर्स एव्हरीव्हेअर'. ओहायो संस्थानांतील शेकर हाइट्स या संपन्न वस्तींत १९९० नंतरच्या काळांत ती घडते. बेबे चाउ ही हॉटेलांत वाढपीण. नवरा नाहीं, पैसा नाहीं, बाळंतपणानंतर मनाला ग्लानि आलेली, बाळाला दूध नाहीं. कडक थंडींत ती मुलीला आगीच्या बंबाच्या ठाण्यावर ठेवते. वस्तींतलें एक सधन, निपुत्रिक जोडपें मूल घेतें; मे लिंगची मिराबेल होते. बेबे सांवरते आणि मूल परत मागते. खटला कोर्टांत जातो. येथें ते जुनें वर्तुळ जवळजवळ जसेंच्या तसें आहे: दोन आया, मध्यें एक मूल. परंतु न्यायाधीश कसोटी लावतो ती घराची, उत्पन्नाची, स्थैर्याची. तो मूल दत्तक घेणाऱ्यांना देतो. मग बेबे एके रात्रीं मूल उचलून चीनला निघून जाते. एकदां जिनें हात सोडला होता तीच आतां ओढते. आणि तिचें चुकलें कीं बरोबर, हें लेखिका वाचकावर सोंपविते. रिकाम्या पाळण्याशीं बसलेली दुसरी आईहि वाचकाला दिसत राहते. पुढें तें जोडपें चीनमधूनच दुसरें मूल दत्तक घेण्याची तयारी करतें, यांतला उपरोध कळण्यासारखा आहे.

या साऱ्या कथा एकत्र पाहिल्या तर एक समान धागा दिसतो. आईपासून मुलाला दूर नेणारी शक्ति प्रत्येक वेळीं निराळी आहे: बंदरावरचा नियम, दुष्काळ, युद्ध, रूढि, लोकसंख्येचें धोरण, दलालाचें कर्ज, धाड. पण दूर गेल्यावर जें तुटतें तें बहुधा एकच, तें म्हणजे मायलेकरांची समाईक भाषा. ले चूचा मुलगा दहा महिन्यांत आईला विसरतो. सुयुआनच्या धाकट्या मुलीला बहिणींशीं चार वाक्यें बोलतांना अडखळावें लागतें. डेमिंगला आईशीं टेलिफोनवर बोलावयाचें असतां लहानपणची बोली आठवावी लागते. नांव बदलणें हा याचाच पहिला भाग. म्हणून कीं काय, या कथांतील मुलें आईला शोधतांना प्रथम आपलें जुनें नांव शोधतात.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. 'बेडूक' सोडली तर येथें सांगितलेलीं पुस्तकें इंग्रजींत लिहिलेलीं आहेत. आणि पर्ल बक सोडल्या तर त्यांच्या लेखिका चिनी आईबापांच्या किंवा पूर्वजांच्या पोटीं परदेशांत जन्मलेल्या. म्हणजे हात सोडणाऱ्या आईची हकीकत बहुधा लेकीच्या पिढीनें कल्पून लिहिली आहे. बाळाला बाजारांत ठेवून धुक्यांत चालती झालेली खेड्यांतली स्त्री स्वतः लिहावयास बसली नाहीं. तिच्यावर गुन्ह्याचें भय होतें. पुष्कळदां अक्षरओळखहि नव्हती. म्हणून या कादंबऱ्या साक्षीदाराचा जबाब म्हणून न वाचतां, मुलीनें आईच्या बाजूनें केलेला विचार म्हणून वाचणें युक्त.

या विचाराची गरज आज वाढली आहे. १९९२ पासून १,६०,००० हून अधिक चिनी मुलें परदेशीं दत्तक गेलीं. त्यांपैकीं जवळजवळ निम्मीं अमेरिकेंत. २०२४ च्या सप्टेंबरांत चिनी सरकारनें, जवळच्या नात्यांतले दत्तक सोडून, परदेशी दत्तकाची ही वाट बंद केल्याचें जाहीर केलें. पहिल्या वर्षांत गेलेल्या मुली आतां तिशीच्या घरांत आल्या आहेत. कित्येकजणी स्वतः आया झाल्या आहेत. त्यांतल्या कांहीं जनुकीय तपासणीच्या नव्या साधनांनीं जन्मदात्यांचा शोध घेतात. कित्येकींच्या कागदावर सांपडल्याचा दिवस आणि जागा, एवढेंच लिहिलेलें आहे. बाकीची जागा कोरी आहे, आणि त्या कोऱ्या जागेंत 'आईला मी नको होतें' हें वाक्य लिहावयास फार वेळ लागत नाहीं. तें वाक्य लिहिण्यापूर्वीं दुसरीं कारणेंहि संभवतात, एवढें जरी या कथांनीं कोणा एकीच्या मनांत आणलें, तरी त्यांचें काम झालें.

आपल्याकडे देवकी आणि यशोदा या दोघींनाहि मान आहे; एकीला मोठें करण्यासाठीं दुसरीला लहान करावें लागत नाहीं. दत्तक घेणाऱ्या आईची माया खोटी ठरवावी, असें वर सांगितलेल्या कोणत्याहि लेखिकेनें म्हटलेलें नाहीं. त्यांचें म्हणणें इतकेंच कीं, यशोदेच्या अंगणांत मूल खेळतांना पाहून देवकीनें तें टाकलें असें म्हणूं नये. तिच्या दाराला कुलूप कोणी घातलें होतें, तें आधीं विचारावें. सातशें वर्षांपूर्वींच्या न्यायाधीश पाओ यांनीं दोघींपैकीं जिचे हात रिकामे राहिले तिलाच, तूं कां सोडलेंस, असें विचारलें आणि तिचें उत्तर ऐकून घेतलें. त्यांचा न्याय बरोबर ठरला तो त्या चौकशीमुळें.